हेमांगद राजाचा ढगळ झगा

एका राज्यात सैल कपडा म्हणजे शिवी होती. कुणाला अगदी खाली पाडून बोलायचं झालं तर लोक म्हणत, "चल रे ढगळ्या!" आणि मग गल्लीत हाणामारी होई. मूल जन्मलं की पाचवी पूजायच्या आधी शिंपी दारात हजर. तो दोरीला गाठी मारून बाळाचं माप घेई, ती दोरी दुकानात बाळाच्या नावाच्या खुंटीला टांगी आणि बाळ वाढेल तशा नव्या गाठी मारी. कपडा असा बेतायचा की अंग आणि कापड यांच्या मधून मुंगी जाता कामा नये. शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची नाही आणि उरलेलं कापड चुलीत घालायचं, असा तिथला रिवाज. यात शहाणपण ते काय, हे मला विचारू नका. प्रत्येक राज्याचं आपापलं खूळ असतं.

त्या राज्याचा राजा हेमांगद. त्याचा अंगरखा इतका तंग की चढवायला दोन सेवक लागत आणि चढवल्यावर हात खांद्याच्या वर जात नसे. राजा दुष्ट नव्हता हो, न्यायाला खरा होता. राणी बाळंतपणात गेली तेव्हापासून त्याला एकच माणूस आपलं म्हणावं असं उरलं होतं. ती म्हणजे त्याची लेक हंसावती. सगळे तिला हंसा म्हणत. दरबार सुटला की हंसा धावत येई आणि बापाच्या कमरेला मिठी मारी. राजा खूश होई, पण तोंडाने म्हणे, "जपून हंसा, शिवण उसवेल." मग हंसा हात सोडी.

एका हिवाळ्यात दरबार भरला असता एक म्हातारी थेट सिंहासनापर्यंत आली. कुणाला अडवायचं सुचलं नाही, कारण ती जादूगारीण होती आणि जादूगारणीला अडवायचं सुचत नसतंच. थंडीने तिचे दात वाजत होते.

"राजा, तुझ्या वस्त्राच्या आडोशाला घटकाभर जागा दे."

"बाई, वस्त्र माझ्या मापाचं आहे. त्यात दुसऱ्याला जागा नाही. हवी तर शेगडी देववतो."

"शेगडी माझ्या घरीही आहे," म्हातारी म्हणाली. "मी माणसाची ऊब मागितली. तुझ्या वस्त्रात दुसऱ्याला तसूभर जागा नाही, तर ऐक. तुझ्यापासून हातभर अंतरात जो येईल, त्याला तू दिसणार नाहीस, ऐकू येणार नाहीस, हाताला लागणार नाहीस. लांबून राजा, जवळून कोणी नाही."

शाप मिळाला की उःशाप मागायचा, हे राजाला ठाऊक होतं. तो सिंहासन सोडून धावला, म्हातारीच्या पायाशी गेला, आणि तिथेच फसला. इतक्या जवळ आल्यावर तिला तो दिसेचना! ती बिचारी थोडा वेळ थांबली, इकडेतिकडे पाहिलं, "मागायचं नसेल तर राहिलं," असं म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून राजाचे हाल कुत्रा खाईना. राज्यकारभार चाले, कारण तो लांबूनच चालतो. पण ताट वाढायला वाकलेला आचारी समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघून घाबरे. न्हाव्याला हनुवटी सापडेना, तेव्हा दाढी वाढली. घोड्याला पाठीवर कोण बसलंय ते कळेना, तो बुजून उधळे. आणि हंसा? ती सवयीने धावत येई. लांबून तिला आबा दिसत, हात पसरलेले दिसत. ती हातभरावर पोचली की समोर नुसता वारा. ती जागच्या जागी थांबे, डोळे मोठे करून बघे आणि विचारी, "आबा, कुठं गेलात?"

"इथेच आहे गं, हंसा, इथेच!" राजा ओरडे. तिच्या डोक्यावर हात ठेवी. तिला ना शब्द पोचे ना हात. मग तिचा ओठ खाली वळे आणि ती आपल्याला सांभाळणाऱ्या धायजवळ परत जाई. एकदा झालं, दोनदा झालं, पुढे ती धावायचीच थांबली. लांबूनच हात जोडून नमस्कार करू लागली, इतर प्रजा करते तसा. त्या नमस्काराने राजाच्या काळजाचं पाणी झालं. तो वरच्या माडीवर राहायला गेला. खाली उतरलं की तो नमस्कार बघावा लागे.

माडीसमोर अंजिराचं झाड होतं. त्यावर शिंपी जातीची एक पक्षीण राहत असे. अंगठ्याएवढी असेल नसेल, पण शेपूट सदा उभी. पानाला पान टाचून घर करणारी ही जात, त्यामुळे शिवणकामाची तिला घमेंड. एके सकाळी ती लांबच्या फांदीवरून म्हणाली, "राजा, तुझं रडणं फार कंटाळवाणं आहे. अंड्यांवर बसवत नाही मला."

"मग उपाय सांग."

"सांगते. शाप वस्त्रावरून लागला, तो वस्त्रानेच सुटेल. धुक्याच्या खोऱ्यात कुहक जादूगाराचा माग आहे, तिथून कापड आण. काळ्या डोंगरात धनावर नाग बसला आहे, त्याच्याकडून दोरा आण. माप घरचंच आहे. ते आणायला कुठे जायला नको."

"एवढंच?"

"एवढंच म्हणतोस ते तू अजून गेला नाहीस म्हणून," शिंपीण म्हणाली आणि अंड्यांवर जाऊन बसली.

राजा पायीच निघाला. घोडा चालत नव्हता हे मघाशी सांगितलंच. वाटेत गावं लागली. लांबून लोक जयजयकार करीत, जवळून त्याच्या अंगावरून जात. धर्मशाळेत त्याच्या शेजारी दोन वाटसरू घरच्या गोष्टी बोलत निजले. त्यांना वाटलं जागा मोकळी आहे. राजा त्यांचं सगळं ऐकत पडून राहिला. एकाच्या बायकोला कढी करता येत नव्हती आणि तरी त्याला तीच कढी आठवत होती. राजाला वाटलं, आपणही काहीतरी बोलावं. पण बोलून कोण ऐकणार?

धुक्याच्या खोऱ्यात कुहक जादूगार मागावर हात टेकून बसला होता. तिन्हीसांजेला गावोगावच्या चुलींचा धूर वर जातो, तो त्या खोऱ्यात येऊन साठतो. त्या धुराचं सूत काढून कुहक कापड विणी. माग असा रुंद की या टोकाच्या माणसाने दिलेली हाक त्या टोकाला क्षणभराने पोचे.

"कापड हवं," राजा म्हणाला.

"मलाही हवं," कुहक म्हणाला. "पण एवढ्या पन्ह्याचं कापड एकट्याला विणता येत नाही. इकडून सुताचा धोटा फेकला तर तिकडे झेलायला माणूस हवा, आणि परत फेकायलाही. मी जादूने नदी उलटी वाहवू शकतो, पण स्वतः फेकलेला धोटा स्वतः झेलू शकत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला अरुंद कापड हवं असतं. तू बसतोस का?"

राजा मागाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधलं अंतर एवढं की कुहकला तो स्पष्ट दिसे. धोटा सुटला, राजाने झेलला, परत फेकला. पहिल्यांदा तो कपाळावर आपटला, दुसऱ्यांदा धुक्यात हरवला. तंग बाहीत हात वळेना, तेव्हा राजाने बाही खांद्यापासून फाडून टाकली. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःचा कपडा फाडला आणि आभाळ काही कोसळलं नाही. मग जमलं. धोटा येई, धोटा जाई. कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी फेकतंय आणि आपली वाट बघतंय, एवढ्यानेच राजाला भरून आलं. कापड संपलं तेव्हा दोघांनाही उठावंसं वाटेना.

"घेऊन जा," कुहक म्हणाला. "आणि कधी पुन्हा वाटेने आलास तर झेलायला बस."

काळ्या डोंगराच्या गुहेत मोहरांची रास होती. राशीवर नाग होता. राजा गुहेच्या तोंडाशीच थांबला.

"ये, धन ने," नाग म्हणाला. "हात लावशील तर सोन्याचा होशील. तो बघ, तिथे एक बेडूक आहे. मी त्याला खाल्लं नव्हतं, सोबतीला ठेवलं होतं. चांगला बोलत असे. एके दिवशी त्याने मोहरेवर उडी मारली. आता तो बोलत नाही."

राजाने पाहिलं. सोन्याचा एवढासा बेडूक तोंड उघडं टाकून बसला होता.

"मला धन नको, दोरा हवा," राजा म्हणाला.

नागाने फणा काढला. "येणारा प्रत्येक जण माझ्या खाली काय आहे ते बघतो. तू माझ्याकडे बघून बोललास. बस आणि माझं ऐक. ऐकून संपलं की दोरा देईन."

राजा बसला. नाग बोलू लागला, आणि काय सांगावं, त्याच्याकडे साठलेलं किती होतं! गुहेच्या कोणत्या फटीतून कोणत्या ऋतूत ऊन येतं, पावसाळ्यात डोंगर आतून कसा गुरगुरतो, बेडकाला कोणती थट्टा आवडे, सगळं. ऊन चढलं, ऊन उतरलं. राजा मध्ये एकदाही उठला नाही. न्यायासनावर बसून त्याने जन्मभर फिर्यादी ऐकल्या होत्या, पण नुसतं ऐकायचं म्हणून कुणाचं ऐकलं नव्हतं. हंसाचंही नाही. ती काही सांगू लागली की त्याचं लक्ष शिवणीकडे असे. हे आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"संपलं," अखेर नाग म्हणाला. "ही माझी टाकलेली कात. हिचा दोरा ओढ. तो ताणतो, पण उसवत नाही. राजा, एक सांगू? मला कात तंग झाली की मी ती टाकून देतो. तू ती मुद्दाम शिवून घेतोस."

राजा हसला. किती दिवसांनी हसला ते त्यालाही आठवेना. मग तो घरी निघाला.

राजधानीत पोचताच तो गोंदाजी शिंप्याच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि ओरडला, "गोंदाजी, यातून माझं वस्त्र शीव!"

"महाराज, माप कसं घेऊ? जवळ आलो की आपण दिसत नाही."

राजाला शिंपिणीचं बोलणं आठवलं. माप घरचंच आहे! आणि दुकानात त्याच्या नावाच्या खुंटीला गाठींची दोरी लोंबत होतीच. "ती दोरी आहे ना? तिच्या बरहुकूम शीव. मुंगीला वाट ठेवू नकोस." शापाने भाजला होता, धुकं बघून आला होता, नागाने तोंडावर सांगितलं होतं, तरी हेच सुचलं. त्या राज्याचं पाणीच तसं. कपडा अंगापेक्षा मोठा असू शकतो, हा विचारच तिथल्या कुणाच्या डोक्यात कधी आला नव्हता.

गोंदाजीने झकास अंगरखा शिवला. अर्ध्याहून जास्त कापड उरलं. रिवाजाप्रमाणे त्याने ते चुलीत घातलं, पण ते जळेना. धुराला आणखी काय जाळणार? वैतागून त्याने ते कोनाड्यात कोंबलं.

राजा नवा अंगरखा कसाबसा एकट्यानेच चढवून राजवाड्याच्या चौकात उभा राहिला. "हंसा!" त्याने हाक मारली. "ये, आता ये!"

हंसा आली. खूप दिवसांनी धावत आली. हातभरावर पोचली, आणि थांबली. डोळे मोठे करून इकडेतिकडे पाहिलं. या वेळी तिने "कुठं गेलात" असंही विचारलं नाही. नुसती मान खाली घातली आणि माघारी वळली.

राजा माडीवर जाऊन पालथा पडला. आता रडूही येईना. "दोन्ही आणलं," तो शिंपिणीला म्हणाला. "माप घरचं घेतलं. खोटारडे, शाप तसाच आहे."

"माप कुणाचं घेतलंस?"

"माझं."

"मग त्यात तू एकटाच मावलास, यात माझं काय चुकलं?" शिंपिणीने शेपूट उडवली. "मी माझ्या अंगाएवढं घर शिवलं असतं तर पिल्लं काय हवेत लटकली असती? वरून बघत बसतोस एवढा, जरा खाली बघ."

राजाने खिडकीतून खाली पाहिलं. चौकात लाकडाचे खांब होते. त्यांतल्या एका खांबाला हंसाने मिठी मारली होती. गाल खांबाला टेकवला होता आणि ती हळूहळू काहीतरी सांगत होती, धायने केस ओढले, मांजरीला पिल्लं झाली, असलंच काही. मध्येच तिने हात जरा सैल केले आणि खांबाला विचारलं, "उसवलं नाही ना?"

राजाचे डोळे भरून वाहू लागले. खालची धाय भागाई वर बघून म्हणाली, "महाराज, रोज असंच चालतं. ती म्हणते, एवढ्या खांबांत हाच एक आबांएवढा आहे. आपणांस सांगायचा धीर नाही झाला."

"गोंदाजीला बोलवा," राजा माडीवरून ओरडला. "दोरी घेऊन या म्हणावं. कोरी दोरी, एकही गाठ नसलेली!"

गोंदाजी आला. राजाने वरूनच हुकूम दिला, "माप घे. खांबाचं आणि हंसाचं, दोघांचं मिळून."

"महाराज!" गोंदाजीचा चेहरा पडला. "दोघांचं एक वस्त्र? ते ढगळ होईल. लोक हसतील."

"हसू देत."

गोंदाजीने खांबाला बिलगलेल्या पोरीभोवती दोरी फिरवली आणि गाठ मारली. मग दुकानात जाऊन कोनाड्यातलं कापड काढलं, त्याच्या वर निमुळत्या, खाली रुंद अशा कळ्या कापल्या आणि राजाने उतरवून ठेवलेल्या अंगरख्याच्या दोन्ही कुशी कापून त्यात जोडल्या. बाह्या मोकळ्या केल्या, घेर पायापर्यंत सोडला. सगळं नागाच्या दोऱ्याने शिवलं. शिवताना त्याची बायको दाराला कडी घालून बसली होती. शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर धंदा बसला असता.

राजाने तो झगा दुकानात घातला आणि भर बाजारातून राजवाड्याकडे चालू लागला. घेर वाऱ्याने फुगे, बाह्या फडफडत. आधी लोक बाजूला सरले. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ढगळ्या!" हेमांगदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लांबूनचा मान तेवढा त्याच्याजवळ उरला होता, आज तोही गेला. तरी तो चालत राहिला.

चौकात हंसा खांबापाशी उभी होती. राजा लांब थांबला. त्याने झगा दोन्ही हातांनी उघडून धरला.

"हंसा, मी दिसेनासा झालो तरी थांबू नकोस. चालत राहा."

"पण तिथं कुणी नसतं, आबा."

"असतो गं. मी दर वेळी तिथंच असतो. तू ये."

हंसाने खांबावरचा हात काढला. ती निघाली. एक एक पाऊल टाकत हातभरावर आली, आणि आबा विझले. समोर रिकामा चौक, पलीकडे भिंत. तिची पावलं अडखळली. राजा जीव मुठीत धरून उभा होता. हाक मारून उपयोग नव्हता, ती ऐकूच जाणार नव्हती. हंसाने डोळे गच्च मिटून घेतले, नाक ओढलं आणि रिकाम्या जागेत पुढचं पाऊल टाकलं.

राजाने झगा तिच्याभोवती मिटला.

आत अंधार होता. तिन्हीसांजेच्या चुलीचा वास होता. हंसाने हात पसरले आणि ते खांबाला नाही, आबांना लागले. ती गच्च बिलगली. मग एकदम हात सैल करून म्हणाली, "उसवेल का?"

"नाही उसवणार," राजा म्हणाला, आणि ते तिला ऐकू गेलं. "आवळ तू. हवी तेवढी आवळ."

"आबा, तुम्ही इतके दिवस इथंच होतात?"

"इथंच होतो गं बाई."

शाप तुटला तेव्हा कडकडाट झाला नाही की फुलं पडली नाहीत. एवढंच झालं की ताट घेऊन निघालेला आचारी राजाच्या अगदी जवळून गेला आणि "अरे देवा, महाराज!" म्हणून दचकला. राजा इतका हसला की झग्याच्या आतून हंसाही हसू लागली. एक म्हातारी चौकाच्या दाराशी दात वाजवत उभी होती. राजाने तिला पाहिलं आणि झग्याची एक बाजू उघडून म्हणाला, "या, आजी. आहे जागा." हंसाने आतून सरकून घेतलं. म्हातारी घटकाभर शेकून गेली. कधी गेली ते कुणाला कळलं नाही.

हिवाळा संपायच्या आत सगळं राज्य झगे शिवू लागलं. राजा वर्षातून एकदा खोऱ्यात जाऊन मागावर बसे आणि येताना वाट वाकडी करून नागाचं ऐकून येई. गोंदाजीने खुंट्यांवरच्या साऱ्या दोऱ्यांच्या गाठी सोडल्या. तेव्हापासून त्या राज्यात झग्याला दोन्ही कुशींना कळ्या असतात. नवा झगा कुणी आधी एकट्याने घालत नाही, कुणाला तरी आत घेऊनच पहिल्यांदा घालतात. गिऱ्हाईक आलं की शिंपी माप घेण्याआधी विचारतो, "दोघांचं घ्यायचं ना?"

ज्याला जगात कुणीच नाही, असाही एखादा येतो. तो दुकानातल्या खांबाशेजारी उभा राहतो आणि म्हणतो, "हो, दोघांचंच घ्या." शिंपी काही विचारत नाही. खांबासकट माप घेतो आणि कळ्या जरा रुंदच कापतो.